यंत्राची ओळख आणि योग्य ड्रायव्हर



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, राज्यकारभार, अर्थनीती अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच किरकोळ वाटेल. संगणकावरील ऑपरेटिंग सिस्टीम पुसून ती पुन्हा नव्याने घातली, म्हणजे त्या संगणकाच्या निरनिराळ्या भागांना योग्य ते ड्रायव्हर कसे मिळवून द्यावेत, एवढाच तो विषय. "हे बोलणे दुरुस्तीच्या दुकानात शोभेल, येथे कशाला?" असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु थोडा विचार करा. नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतन घेणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून तो संगणकावरून देता येऊ लागला. आता चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचीही सोय झाली आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी बोटाच्या ठशावरच काम चालते. पहाटेच्या एस.टी.ने आलेले एखादे आजोबा सेवा केंद्रात बोट पुढे करून बसतात आणि केंद्र चालविणारा मुलगा सांगतो, "काका, कालच मशीनला फॉरमॅट मारला. ठशाचे यंत्र चालत नाही. चार दिवसांनी या." त्या आजोबांचे भाडे गेले, दिवस गेला आणि मनाला घोर लागला तो वेगळाच.

आता यात गंमत अशी की, ठशाचे यंत्र बिघडलेले नसते. संगणकही धडधाकट असतो. दोघांची बोलणी करून देणारा मध्यस्थ तेवढा नाहीसा झालेला असतो. त्या मध्यस्थाचे नाव ड्रायव्हर. तेव्हा विषय दिसावयास लहान असला, तरी त्याच्यावाचून अडणारी कामे लहान नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालण्याचा प्रसंग आपल्या किनाऱ्यावर काही क्वचित येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि कित्येक गावे दिवसेंदिवस विजेवाचून राहिली, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. वादळ तर दूरच राहो, साध्या पावसाळ्यात वीज येऊ-जाऊ लागली की चालू संगणक मध्येच बंद पडतात आणि डिस्कवरचा मजकूर विसकटतो. दमट, खारी हवा धातूला सोडत नाही, मग डिस्क बदलावी लागते. त्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार संपविला, त्यामुळे घरोघरीच्या जुन्या संगणकांवर नवी आवृत्ती किंवा दुसरी एखादी प्रणाली घालण्याची वेळ आली. काम संपते आणि मग रडगाणे सुरू होते. पडद्यावरची अक्षरे बोजड दिसतात, आवाज येत नाही, वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर मुका होतो. घरचे लोक म्हणतात, "काल तर सगळे चालत होते!" त्यांचे म्हणणे खरेच असते.

मग हा ड्रायव्हर म्हणजे आहे तरी काय? ड्रायव्हर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चा ड्रायव्हर उभा राहतो. ही समजूत मात्र येथे कामाची नाही. एस.टी.चा ड्रायव्हर अलिबाग आगाराची गाडी चालवितो, तशीच पेण आगाराचीही चालवील. संगणकातला ड्रायव्हर ठराविक जातीच्या एकाच यंत्राला ओळखतो, दुसऱ्याला हात लावीत नाही. त्याला साजेसा दाखला आपल्याच समुद्रात आहे. उरणजवळ न्हावाशेव्याला १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथे येणाऱ्या प्रचंड जहाजांचे कप्तान सात समुद्र पार करून आलेले असतात. परंतु बंदराच्या वाटेला लागतांना त्यांना येथला पायलट जहाजावर घ्यावाच लागतो. जुन्या मराठीत या माणसाला आरकाटी म्हणत. खडक कोठे, गाळ कोठे, भरतीचे पाणी कोणत्या वेळी किती, हे त्याला तोंडपाठ असते. कप्तानाला जहाज ठाऊक असते, आरकाट्याला हे पाणी ठाऊक असते. ऑपरेटिंग सिस्टीम हा कप्तान समजा. "आवाज काढ", "कागदावर छाप", "चित्र दाखव" अशा सर्वसाधारण आज्ञा ती करू शकते. पण तुमच्याच संगणकात बसविलेल्या ध्वनीच्या चिपला कोणत्या क्रमाने कोणते संकेत पाठविले म्हणजे ती आवाज काढते, हे तिला मुळात ठाऊक नसते. ते ज्ञान ड्रायव्हरापाशी असते, आणि चिप तयार करणाऱ्या कंपनीनेच ते बहुधा लिहून दिलेले असते.

आता एक शंका कोणी काढील. नवी विंडोज घातल्यावर कळफलक चालतो, माउस चालतो, पडदा दिसतो, ते कसे? याचे उत्तर असे की, हजारो सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोज आपल्याबरोबरच घेऊन येते. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ पासून यंत्र जोडताच ते ओळखून घेण्याची व्यवस्था या प्रणालीत आहे. पडद्यासाठी खास ड्रायव्हर मिळाला नाही तर ती एक कामचलाऊ ड्रायव्हर लावते. म्हणूनच चित्र दिसते. पण ते बोजड दिसते आणि हलतांना अडखळते. कामचलाऊ ड्रायव्हराला कायमचा समजून चालणे ही पहिली चूक. संगणक "हळू चालतो" म्हणून मोडीत काढण्यापूर्वी त्याच्या पडद्याला खरा ड्रायव्हर मिळाला आहे की नाही, एवढे तरी पाहावे.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. योग्य ड्रायव्हर कोणता, हे ओळखावे कसे? पुष्कळ लोक यंत्राच्या अंगावरचे नाव वाचतात आणि त्या नावाचा शोध घेतात. येथेच घोटाळा होतो. आपल्या जिल्ह्यात मुरूड आहे. दापोली तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातही मुरूड आहे. महर्षी कर्व्यांचे मुरूड ते. तिकडे लातूर जिल्ह्यात आणखी एक मुरूड आहे. पत्रावर नुसते "मुरूड" लिहिले तर टपालवाल्याने काय करावे? श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने आखलेली पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि हा प्रश्न सुटला. ४०२४०१ लिहिले की पत्र जंजिऱ्याजवळच्याच मुरूडला येणार. यंत्रांचेही तसेच आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या वाय-फायच्या दोन उपकरणांत पहिल्या आवृत्तीत एका कंपनीची चिप असते आणि दुसऱ्या आवृत्तीत दुसरीच. डबा तोच, नाव तेच, पण आतला प्राणी वेगळा! अशा वेळी नावावर विसंबणारा फसतो.

सुदैवाने यंत्रांनाही पिनकोड असतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर नावाची एक यादी आहे. ज्या भागाला ड्रायव्हर मिळालेला नाही, त्याच्यापुढे त्या यादीत पिवळे चिन्ह दिसते, आणि त्याला पुष्कळदा "अननोन डिव्हाइस", म्हणजे अनोळखी यंत्र, असे म्हटलेले असते. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावे, त्यातील डिटेल्स या भागात जावे आणि हार्डवेअर आयडी मागावा. तेथे जी अक्षरांकांची ओळ येते, तिच्यात दोन गोष्टी असतात. पहिली, भाग बनविणाऱ्या कंपनीचा क्रमांक. दुसरी, त्या भागाच्या जातीचा क्रमांक. इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६ आहे. तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसराचे नावच तिने आपल्या क्रमांकासाठी घेतले. एएमडीच्या ग्राफिक्स चिपांचा १००२, एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी. हे दोन क्रमांक हाती आले की "अनोळखी" शब्दाला काही अर्थ उरत नाही. यंत्र अनोळखी कधीच नसते, आपण त्याची विचारपूस केलेली नसते, इतकेच.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. नवी प्रणाली घातल्यावर प्रथम इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालू द्यावे, आणि त्यातील ऑप्शनल अपडेट्स हा कोपराही पाहावा. निम्म्याहून अधिक पिवळी चिन्हे बहुधा येथेच नाहीशी होतात. उरलेल्यांसाठी संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जावे. लॅपटॉप असेल तर त्याच्या तळाशी चिकटविलेला अनुक्रमांक किंवा सेवा क्रमांक तेथे लिहावा, म्हणजे त्याच यंत्राच्या ड्रायव्हरांची यादी पुढे येते. दुकानात जुळवून घेतलेला संगणक असेल तर त्याच्या मदरबोर्डाचे नाव पाहावे. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग ग्राफिक्स, मग ध्वनी आणि बाकीचे, असा क्रम ठेवावा, आणि सांगितले असेल तेथे संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. नवा ड्रायव्हर घालून काम बिघडले, तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच मागचा ड्रायव्हर परत आणण्याची सोय असते, तिला रोल बॅक म्हणतात. ठशाच्या यंत्राला नुसता ड्रायव्हर पुरत नाही. आधारच्या नियमाप्रमाणे त्याच कंपनीची आरडी सर्व्हिस नावाची दुसरी प्रणालीही त्याच्याबरोबर लागते. ती विसरली की यंत्राचा दिवा लागतो, पण दाखला निघत नाही.

परंतु श्रोतेहो, येथे एक कोडे आहे, आणि त्यात भलेभले अडकतात. ड्रायव्हर आणावयाचा तो इंटरनेटवरून, आणि ज्याचा ड्रायव्हर नाही ते वाय-फायच असेल तर? विहिरीत उतरावयाची शिडीच विहिरीच्या तळाशी पडलेली! याला दोन उपाय आहेत. अँड्रॉइड फोन तारेने संगणकाला जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करावे. बहुतेक वेळा विंडोज तो आपणहून ओळखते आणि फोनच्या इंटरनेटवर काम होते. किंवा, जे अधिक शहाणपणाचे, नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपांत याहून अवघड प्रसंग येतो. विंडोज घालावयास बसले तर तिला डिस्कच दिसत नाही. डिस्क मेली असे समजून लोक हजारो रुपये खर्च करावयास निघतात. तेथे डिस्कच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून आधी द्यावा लागतो, की डिस्क हसत समोर येते.

आता विश्वासाचा प्रश्न. ड्रायव्हर हा संगणकाच्या गाभाऱ्यात वावरणारा सेवक आहे. घरात येणारा पाहुणा ओसरीवर बसतो. ड्रायव्हर देवघरापर्यंत जातो. तेथे चूक झाली तर केवढा अनर्थ होतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हराच्या रूपाने काम करतो. त्याला वाचावयास दिलेली एक सदोष फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ही तर नावाजलेल्या कंपनीची, हेतू शुद्ध असतांना झालेली चूक. मग कोण्या अनोळखी संकेतस्थळावरून "तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात" म्हणून मिळणारी वस्तू गाभाऱ्यात घेतांना आपण किती विचार करावयास हवा? ड्रायव्हराच्या नावाखाली जाहिराती, हेरगिरी आणि बँकेची अक्षरे चोरणारे कार्यक्रम घरात शिरतात. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये गाभ्यात काम करणाऱ्या ड्रायव्हरावर प्रमाणित डिजिटल स्वाक्षरी असावी लागते, ती याचसाठी. स्वाक्षरीची तपासणी बंद करा असे जो सांगतो, तो दाराची कडी काढून ठेवा असे सांगतो. त्याचे ऐकू नये.

आणि एखाद्या यंत्राला नव्या प्रणालीचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नसेल तर? हे जुन्या प्रिंटर-स्कॅनरांच्या बाबतीत पुष्कळ घडते. बत्तीस बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांचीच निघते. येथे हताश होऊन चांगले यंत्र भंगारात देऊ नये. लिनक्स या मुक्त प्रणालीत बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या पोटातच असतात आणि कंपनीने सोडून दिलेल्या कित्येक जुन्या यंत्रांना तेथे आसरा मिळतो. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने बॉस या नावाने तिचे एक भारतीय रूपही तयार केले आहे. तिच्यावर सर्व कामे होतील असे नाही. आपले नेहमीचे काम होते की नाही ते पाहूनच निर्णय घ्यावा. लिनक्स डिस्कवर न घालता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आवाज येतो का, वाय-फाय दिसते का, प्रिंटर छापतो का, हे जुन्या प्रणालीला धक्का न लावता कळते.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा धडा देणारी संस्था आपल्या अलिबागेतच उभी आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी वर्षानुवर्षे चालत असे. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागेस आली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड निवडण्यात आला, आणि १९०४ साली काम सुरू झाले. परंतु अलिबाग सुरू होताच कुलाबा बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजणी एकाच वेळी चालू ठेवली. दोन ठिकाणच्या आकड्यांत अंतर किती पडते हे नीट कळले, मगच जुने थांबविले. विजेच्या ट्राम १९०७ साली धावू लागल्या, तोवर हे काम पुरे झाले होते. म्हणून ही दीर्घ नोंद अखंड राहिली, आणि आजही जगातील शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात.

आपण आपल्या संगणकाच्या बाबतीत नेमके उलटे करतो. आधी पुसतो आणि मग काय काय होते ते आठवावयास बसतो! पुसण्यापूर्वी संगणक चालू असतो, इंटरनेट चालू असते, प्रत्येक भागाचा ड्रायव्हर जागेवर असतो. सगळी माहिती तेव्हा एका बोटावर मिळते. विंडोजमध्येच पीएनपीयुटिल नावाची एक आज्ञा आहे. तिच्या साहाय्याने बाहेरून बसविलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरात काढून पेनड्राइव्हवर ठेवता येतात. तीच विंडोज पुन्हा घालावयाची असेल तर हे गाठोडे निम्मे काम करते. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे निराळ्या डिस्कवर ठेवावयाची, हे तर सांगावयासच नको.

यासाठी यंत्रशास्त्राचे शिक्षण लागत नाही. घरातील ज्या फडताळात सातबारा, घरपट्टीची पावती आणि मुलांचे दाखले आपण जपून ठेवतो, त्यात एक साधा कागद ठेवा. संगणकाचे नाव आणि अनुक्रमांक, प्रणालीची आवृत्ती, प्रिंटरचे आणि ठशाच्या यंत्राचे पूर्ण नाव, महत्त्वाच्या भागांचे हार्डवेअर आयडी, आणि ड्रायव्हर कोणत्या तारखेला कोठून घेतले, एवढे त्यावर लिहा. कागदाला एक पेनड्राइव्ह जोडा. संगणक दुकानात द्यावयाची वेळ आली तर कागदाची प्रत बरोबर द्या आणि परत घेतांना दुकानातच आवाज, वाय-फाय, कॅमेरा आणि छपाई चालवून पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळे चिन्ह उरलेले नाही, हे पाहूनच पैसे द्या. चांगल्या दुकानदाराला याचा राग येणार नाही. उलट ज्याचे यंत्र त्याला ते ठाऊक आहे, हे पाहून त्याचेही काम सोपे होईल. सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणांना माझे आणखी एक सांगणे आहे. फॉरमॅट मारावयाचा तो गर्दीच्या महिन्याच्या तोंडावर मारू नका. आणि मारलाच, तर ठशाचे यंत्र स्वतःच्या बोटाने तपासल्यावाचून केंद्राचे दार उघडू नका.

ज्ञान म्हणजे फार मोठे काहीतरी, अशी आपली समजूत असते. माझ्या मते आपल्या हाताखालच्या वस्तूची नेमकी ओळख, आणि ती लिहून ठेवण्याची सवय, हेही ज्ञानच आहे. ते असले म्हणजे वादळानंतरही घर लवकर उभे राहते.